व्हॅन जेकबसनला सात गुण

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांना जोडणारं नेटवर्क अचानक बसलं. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम चारशे यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट्स नेणारी वाट ४० बिट्सवर आली, म्हणजे वेग आठशे पटींनी घसरला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. गर्दी झाली की पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवत, हरवली की प्रत्येक संगणक ती घाईघाईने पुन्हा पाठवी आणि त्याने गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांना सोबत घेऊन हा गुंता सोडवला. सुरुवात बेताने करायची, पोच येत जाईल तसं पाठवणं वाढवायचं आणि पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजून हात आखडता घ्यायचा. ऑगस्ट १९८८मध्ये स्टॅनफर्डला भरलेल्या सिगकॉम परिषदेत हे काम पेपर म्हणून मांडलं गेलं. इंटरनेट त्यानंतर कोटींनी वाढलं आणि तरी कोसळलं नाही, याचं बरंच श्रेय या कामाला जातं.

आता हा पेपर आपल्याकडच्या तक्त्यात बसवून बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत संशोधनाचे गुण मोजायचा तक्ता आहे. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेल्या पेपरला त्यात ७ गुण आहेत. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांचा संदर्भ इतर सरासरी किती वेळा देतात तो आकडा, दहाच्या पुढे असेल, तर त्यातल्या पेपरसाठी ३० गुणांची तरतूद आहे. नेटवर्किंगमध्ये इतका मोठा इम्पॅक्ट फॅक्टर कुणाचा असतो? ‘कम्युनिकेशन्स सर्व्हेज अँड ट्युटोरियल्स’सारख्या जर्नलचा, जिथे इतरांनी केलेल्या कामाचा आढावा छापला जातो. त्याचा आकडा अलीकडे तिशीच्या पुढेच असतो. तेव्हा इंटरनेट कोसळण्यापासून वाचवलं तर ७, आणि कुणी कुणी कसं कसं वाचवलं याचा आढावा घेतला तर ३०. आढावे लिहिणं हलकं काम नाही, चांगला आढावा लिहायला वर्ष जातं. पण चौपट?

याच तक्त्यात सहलेखकांचं एक गणित आहे, तेही बघण्यासारखं आहे. दोघांनी मिळून पेपर लिहिला तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोघांहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. दोघांत १४० टक्के वाटले जातात, चौघांत १६०. एकट्याने लिहिणाऱ्याला मात्र शंभरच. पेपरवर नावं का वाढतात याचा शोध घ्यायला समाजशास्त्रज्ञ बोलवायची गरज नाही, बेरीज येत असली की पुरे.

अभियांत्रिकी कॉलेजांना तंत्रशिक्षण परिषदेचे नियम लागू होतात, आयोगाचा तक्ता जसाच्या तसा नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिथेही भर जर्नलवरच आहे. आणि संगणकशास्त्रात, विशेषतः नेटवर्किंगमध्ये, उत्तम काम आधी परिषदेत येतं. सिगकॉम, एनएसडीआय, मोबिकॉम इथे पेपर घेतला जाणं बहुतेक जर्नल्सपेक्षा अवघड आहे. हे या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रमोशनच्या कमिटीत मात्र ते कुणालाच माहीत नसल्यासारखं वागावं लागतं.

माझं म्हणणं असं: नेटवर्किंगमधल्या संशोधकाचा कस सायटेशनच्या, म्हणजे त्याच्या पेपरांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला याच्या, आकड्यावरून लागत नाही, आणि पुण्यातल्या कॉलेजांनी निदान प्रमोशन आणि नेमणुकीपुरतं तरी आकडा बाजूला ठेवून पेपर वाचायला बसावं. दिल्लीच्या परिपत्रकाची वाट न बघता.

पुण्याचंच नाव का, तर इथे कॉलेजं उदंड आहेत आणि मोजण्याचा हव्यासही उदंड आहे. दहावीच्या निकालानंतर क्लासवाले लावतात तसे फ्लेक्स आता कॉलेजच्या फाटकावर प्राध्यापकांचे लागतात. ‘जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर’, वर स्टॅनफर्डचं नाव, खाली संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो सरांपेक्षा मोठा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने यात कुणाची निवड केलेली नसते. तिथले जॉन इओअनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या पेपरांच्या खासगी सूचीतल्या सायटेशनवरून दरवर्षी एक यादी काढतात. त्या यादीत स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळल्यावर क्रमांक काय होतो, हेही दिलेलं असतं. तो रकाना मी अजून कुठल्या फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

आकड्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो शोधासाठी: एखाद्या पेपरचा धागा पकडून पुढे त्यावर कुणी काय लिहिलं, हे सापडावं म्हणून. वकिलांकडे जुन्या निकालांचा माग काढायची अशी सूची आधीपासून होती, कल्पना तिथूनच आली. माणसं जोखायला तो पुढे वापरला गेला. २००५मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. प्रत्येकी निदान वीस सायटेशन्स असलेले तुमचे वीस पेपर असतील तर तुमचा एच वीस. एका आकड्यात आयुष्य. पंधरा वर्षांनी खुद्द हर्श यांनीच लिहिलं की हा निर्देशांक दणकून फसू शकतो आणि त्याचे वाईट परिणाम होतात. आपल्याकडच्या अर्जांत त्याचा रकाना अजून आहे.

नेटवर्किंगमध्ये सायटेशन नेमकं काय मोजतं? एखादा पेपर दुसरा पेपर लिहायला किती सोयीचा आहे, हे. त्यातली कल्पना तारेवरून धावते की नाही, याच्याशी त्याचा संबंध असतो किंवा नसतो. २०००मध्ये सेन्सर नेटवर्कसाठी, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, मोजमाप करून पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांच्या जाळ्यासाठी, ‘लीच’ नावाची पद्धत आली. सेन्सरांनी गट करायचे, गटाचा एक म्होरक्या, त्याची बॅटरी एकट्याची संपू नये म्हणून म्होरकेपण आळीपाळीने. कल्पना सुरेख होती, आणि ती मांडणाऱ्यांत हरी बालकृष्णन आणि अनंत चंद्रकासन ही भारतात जन्मलेली नावं होती. तशीच फिरत्या उपकरणांच्या नेटवर्कमध्ये वाट शोधायची ‘एओडीव्ही’ ही पद्धत. पुढे या दोहोंवर आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांत जे पीक आलं त्याला तोड नाही. एनएस-टू सिम्युलेटरमध्ये, म्हणजे नेटवर्कची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चौकोनी मैदान घ्यायचं, शंभर सेन्सर विखरायचे, म्होरक्या निवडायचं सूत्र किंचित बदलायचं, ‘सुधारित लीच’ असं नाव द्यायचं आणि मूळ लीचपेक्षा बॅटरी जास्त टिकल्याचा आलेख जोडायचा. शेतात एकही सेन्सर रोवायचा नाही. असे पेपर एकमेकांचे संदर्भ देतात, मूळ पेपरची सायटेशन्स हजारोंनी वाढतात आणि सुधारित लीचवाल्यांनाही आपापला वाटा मिळतो. याला जुना शब्द आहे: बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

हा दोष फक्त आपला नाही. मोबीहॉक या नावाजलेल्या परिषदेत २००० ते २००५ या काळात आलेले पेपर काही अभ्यासकांनी तपासले. ज्यांतलं सिम्युलेशन दुसऱ्या कुणाला पुन्हा करून पाहता येईल असे पेपर १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. चांगल्या परिषदेची ही गत, मग पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलची काय असणार.

उलट बाजूची उदाहरणंही घ्या. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांचा १९९३चा ‘रेड’वरचा पेपर नेटवर्किंगमधल्या सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या पेपरांत मोडतो. राउटरमधली रांग भरण्याआधीच थोडी पॅकेट्स टाकून द्यायची, म्हणजे पाठवणाऱ्यांना वेळीच इशारा मिळतो. राउटरांत ती सोय आली. पण किती रांग भरल्यावर किती पॅकेट्स टाकायची हे आकडे ठरवणं इतकं अवघड होतं की बहुतेकांनी ती सोय बंदच ठेवली. पेपर थोर आहे, त्याने एक प्रश्न नेमका दाखवून दिला. पण सायटेशनवरून कुणी समजेल की जग त्यावर चालतं, तर तसं नाही. पाठवण्याचा वेग किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या ‘क्युबिक’ या पद्धतीचं पाहा. ज्याचा संदर्भ आज सगळे देतात तो पेपर २००८चा, आणि लिनक्सने ती आपली नेहमीची (डीफॉल्ट) पद्धत म्हणून २००६मध्येच स्वीकारली होती. आणि बीजीपी, ज्याच्या आधारे एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कला वाटा सांगतं, म्हणजे ज्याच्यावाचून इंटरनेट ही वस्तूच उरत नाही, त्याचा आराखडा १९८९मध्ये कर्क लोहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनांवर काढला. तो त्याच वर्षी आरएफसी म्हणून आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं. आपल्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

आपल्याच राज्यात आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. असल्या कामात खांब कुठे उभा करायचा, वीज गेली तर काय, गावात सांभाळणार कोण, हे प्रश्न निस्तरण्यातच महिने जातात. तेवढ्या काळात खुर्चीत बसून सुधारित लीचचे चार पेपर होतात. वर्षाअखेरीचा अर्ज भरताना खांब उभारणाऱ्याला तिथे काय लिहायचं हे कुणी सांगत नाही.

आता लबाडीकडे येऊ, पण तिच्यावर फार वेळ घालवणार नाही. आकडा फुगवणं किती सोपं आहे हे एकदा पक्कं समजलं की पुरे. २००५मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक पेपर आपोआप लिहिणारा प्रोग्राम केला आणि त्यातला एक, ॲक्सेस पॉइंटवरचा, एका परिषदेने स्वीकारला. २०१०मध्ये ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी त्याच प्रोग्रामने शंभरएक पेपर तयार करून आइक अँटकेअर नावाचा संशोधक जन्माला घातला. अस्तित्वातच नसलेल्या या गृहस्थांचा एच-इंडेक्स गुगल स्कॉलरवर ९४ झाला, आइन्स्टाइनच्याही पुढे. २०२३मध्ये वायली या प्रकाशकाला आपल्या हिंदावी शाखेतले आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. त्यांत वायरलेस आणि मोबाइल नेटवर्किंगच्या जर्नलमधलेही होते. विशेषांकांच्या नावाखाली पेपरच्या कारखान्यांनी दुकान मांडलं होतं. ज्यांनी त्या पेपरांच्या बळावर आधीच वरची जागा घेतली, त्यांची जागा पेपरसोबत मागे गेली असेल असं मला वाटत नाही.

कायद्याने लबाडी न ठरणारा, रोजचा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही माझा संदर्भ द्या, मी तुमचा देतो. अहो रूपम्, अहो ध्वनिः. शिवाय न वाचता दिलेले संदर्भ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी २००३मध्ये यावर एक नामी युक्ती केली. संदर्भांच्या याद्यांत पान क्रमांक, खंड क्रमांक चुकलेले असतात. एकच चूक अनेक याद्यांत दिसली, तर त्या मंडळींनी मूळ पेपर उघडलेला नाही, दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलली, हे उघड आहे. त्यांचा अंदाज निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच मूळ पेपर वाचतात.

ही युक्ती पुण्याला नवी वाटू नये. लॉ कॉलेज रस्त्यालगतच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच रीतीने सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन पोथ्यांत तोच प्रमाद सापडला की त्यांचं गोत्र एक. एकीची शंभर पोरं झाली म्हणून तिला शंभर साक्षींचं वजन द्यायचं नाही, मूळ साक्ष एकच. १९६६मध्ये ते काम पुरं झालं. नकला मोजून पाठ ठरवायचा नसतो, हे या शहरातल्या पंडितांना फार पूर्वीच ठाऊक होतं. नेटवर्किंगच्या विभागप्रमुखांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप. तो प्रामाणिक माणसं घेतात, म्हणून त्याच्याशी नीट बोललं पाहिजे. ते म्हणतात, आकडा वाईट असेल, पण तो आडनाव विचारत नाही. आकडा नव्हता तेव्हा काय होतं? कमिटीतल्या तिघांपैकी दोघं एकाच गुरूचे शिष्य, तिसरा संस्थाचालकांचा पाहुणा. नांदेड-लातूरकडून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा उमेदवार आपल्या कामाच्या जोरावर उभा राहू शकला, कारण त्याच्याकडे दाखवायला काहीतरी होतं जे कमिटीला खोडता येत नव्हतं. बाईला ‘घर सांभाळून जमेल का’ असं विचारणाऱ्यांचं तोंड आकड्याने बंद केलं. तुम्ही ‘वाचा’ म्हणाल, ते ‘वाचलं, आवडलं नाही’ म्हणतील. मग?

हा आक्षेप खोटा नाही. पण आकडा आडनाव विचारत नसला तरी पद विचारतो. आयोगाच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. प्रत्येकाच्या पेपरवर गाइडचं नाव जातं, पुढच्या पेपरात मागच्याचा संदर्भ येतो. म्हणजे ज्याच्या हाती आधीच पद आहे त्याचा आकडा झोपेतही वाढतो. काही ठिकाणी विभागप्रमुखांचं नाव शेवटी असायलाच हवं, असा न लिहिलेला नियम असतो. शिवाय बऱ्याच जर्नल्सची छपाईची फी असते, ती ज्याला परवडते त्याचे पेपर लवकर येतात. ज्या ओळखीपाळखीपासून आकडा वाचवणार होता, ती आकड्याच्या पोटात शिरून बसली आहे. फरक इतकाच की आता ती दिसत नाही. नांदेडच्या त्या उमेदवाराचा आकडा लहानच राहतो, आणि या वेळी त्याला नाकारणाऱ्या कमिटीला स्वतःचं मतही द्यावं लागत नाही.

म्हणून वाचन हवं, पण सही करून केलेलं. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन पेपर द्यावेत, तीनच. हवं तर एखाद्याच्या जागी प्रोग्राम, एखाद्या मानकासाठी केलेला मसुदा, गावात उभारलेलं नेटवर्क. बाहेरच्या संस्थांतले दोन वाचक नेमावेत आणि एक जण उद्योगातला असावा. हिंजवडी, बाणेर, खराडी इथे राउटर आणि फायरवॉलचं काम रोज करणारी माणसं आहेत. कॉलेजं त्यांना व्याख्यानाला आणि शाल-श्रीफळाला बोलावतात, या कामालाही बोलवावं. प्रत्येक वाचकाने दोन पानं लिहावीत: प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं, ते आधीच्यापेक्षा वेगळं कुठे, आणि यातलं पुन्हा करून पाहता येईल का. ती पानं नावासकट उमेदवाराला मिळावीत आणि त्याला उत्तर देता यावं. ‘आवडलं नाही’ असं नावानिशी लिहून त्याचं कारण देणं, हे बंद दाराआड मान हलवण्याइतकं सोपं नसतं. याने वशिला संपेल असं मी म्हणत नाही, पण त्याला लेखी पुरावा सोडावा लागेल.

ही कल्पना जगावेगळी नाही. अमेरिकेतल्या संगणक-संशोधन संघटनेने २०१५मध्ये हेच सुचवलं: नेमणुकीच्या वेळी एक-दोन आणि बढतीच्या वेळी तीन ते पाच कामं बघा, बाकीची मोजू नका. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी तर २००७मध्येच ‘हा आकड्यांचा खेळ थांबवा’ म्हणून लेख लिहिला होता.

आणि वेळही आता आली आहे. २०१८मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेल्या, तपासलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्के सुमार दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग मान्य जर्नल्सची ‘केअर’ ही नवी यादी आली, आणि तिचं काम इथेच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती बंद केली आणि जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर टाकली. बंद झाली हे बरं झालं असं मी म्हणणार नाही; तिने बरीच घाण अडवली. पण आता कॉलेजं काय करताहेत? ‘फक्त स्कोपस’ अशी परिपत्रकं काढताहेत. सरकारी यादीच्या जागी एका खासगी कंपनीची यादी आली, वाचायचं काम पुन्हा टळलं.

‘वाचायला वेळ कुणाला आहे’ हे उत्तर मला ठाऊक आहे. एका उमेदवाराचे तीन पेपर, एका वाचकाचा एक शनिवार. मूल्यांकनाच्या समितीसाठी फायली सजवण्यात विभागांचे महिने जातात, त्यापुढे हे काहीच नाही.

ज्याच्याकडे तीन पेपर नाहीत त्याचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो मोठा आहे, कारण पुण्यातल्या बहुसंख्य प्राध्यापकांचं तेच आहे. आठवड्याला सोळा तास शिकवायचं, वर परीक्षा, प्रवेश, समित्यांचं काम, त्यात संशोधन कुठून येणार? येतो तो सुधारित लीच. पीएचडीला पेपर छापलेलाच हवा ही अट आयोगाने २०२२मध्ये काढून टाकली. शिकवणाऱ्या कॉलेजांतल्या बढतीसाठीही ती काढावी. अशा शिक्षकाची परीक्षा घ्यायची तर त्याच्या लॅबमध्ये जाऊन बसावं. तिसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलीला वायरशार्क हा येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्राम उघडायला सांगावं, एखादी वेबसाइट सुरू करावी आणि विचारावं, यातलं कुठलं पॅकेट हरवलं आणि ते पुन्हा कुणी पाठवलं. तिला ते बोट ठेवून दाखवता आलं, तर तिच्या सरांचा एच-इंडेक्स शून्य असला तरी त्यांना बढती द्यायला माझी हरकत नाही.